ग्वानाह्वातोत माझ्या व्याह्यांनी थांबवलेल्या गाड्या

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी, मेक्सिकोतल्या लिऑन शहरात, माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ हजार पेसो मोजून माझ्या हाती देण्यात आले. हजर चौघे: मुलगी, जावई, जावयाचे वडील म्हणजे माझे व्याही, आणि मी. माझी पत्नी त्या वेळी आंघोळीला गेली होती, म्हणून तिला हजर धरलेलं नाही. पेसोचा भाव तेव्हा साडेचार रुपयांच्या आसपास होता. त्या पैशांत आम्ही दोघा व्याह्यांनी तीन दिवस ग्वानाह्वातो नावाचं जुनं शहर पाहून यायचं होतं. ते बसने तासाभरावर आहे. सगळं शहर पायऱ्यांचं आहे असं कळल्यावर पत्नीने आपले गुडघे दाखवले आणि ती मुलीजवळ राहिली. इहीनबाई, म्हणजे व्याह्यांची पत्नी, तर वाशीमजवळच्या अनसिंग गावाहून निघाल्याच नव्हत्या. शेळ्या कोणाच्या भरवशावर ठेवू, हा त्यांचा प्रश्न कोणाला सोडवता आला नाही.

व्याह्यांनी नोटांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "पैसे तुमच्यापाशीच असू द्या, इवाई," ते म्हणाले. "मले फक्त गाडी समजते." आणि त्या क्षणापासून त्यांनी मला इवाई, म्हणजे व्याही, म्हणणं सोडलं आणि मास्तर म्हणायला सुरुवात केली.

हे नवख्या माणसाला सांगावं लागेल. माझे व्याही चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, शेवटची बरीच वर्षं वाशीमला. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो. पैशांची बॅग ज्याच्या गळ्यात तो मास्तर, आणि त्याने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पैसे खिशात घालून मी सामान उचललं, दाराबाहेर गेलो, तरी व्याही उंबऱ्यावरच उभे. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "मास्तर, डबल द्या ना."

मी सरकारी कार्यालयात लेखा विभागात काम करतो. पंचावन्न वर्षांचा आहे. मुलगी आणि जावयासमोर मी तोंडाने "टिंग टिंग" असा आवाज काढला. मग ते निघाले. पुढचे तीन दिवस, हॉटेलातून उठताना, देवळातून निघताना, रस्ता ओलांडताना, प्रत्येक वेळी हाच प्रकार. नाही दिली घंटी तर ते उभेच राहत आणि शांतपणे आजूबाजूची घरं पाहत.

बसस्टँडकडे निघण्यापूर्वी जावयाने मला लिफ्टमध्ये गाठलं. व्याही तेव्हा खाली जाऊन त्याच्या गाडीची पुढची काच पुसत होते. जावयाचं म्हणणं थोडक्यात असं: निवृत्तीच्या पैशांतून बाबांनी जी जीप घेतली आहे, ती विकायला हवी. बाबांची नजर कमी झाली आहे आणि ते कबूल करत नाहीत. दिवाळीला तो अनसिंगला गेला होता तेव्हा जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसला होता, आणि गावाबाहेरच्या पुलाचा डावा कठडा जीपला घासला होता. बाबा म्हणाले, मोटरसायकलवाल्याने दाबलं. मोटरसायकल कुठेच नव्हती.

"माझं ते ऐकत नाहीत, पप्पा. डोळे तपासा म्हटलं तर उठून गोठ्यात जातात. तुम्ही तीन दिवस बरोबर आहात. परत येईपर्यंत त्यांच्या तोंडून हो वदवून घ्या. जीपमध्ये रोज आठ-दहा माणसं असतात."

मी त्याला सांगितलं, वदवून घेणं माझ्याने होणार नाही. विचारीन. तो म्हणाला, तेवढं तरी करा.

त्या जीपबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही. अनसिंग ते वाशीम अशी तिची फेरी. सकाळी सरकारी दवाखान्यात जाणारे, कोर्टाच्या तारखेवाले, बाजारवाले, परीक्षेची पोरं. पोहरादेवीच्या यात्रेत ते मानोऱ्याकडे जात आणि दोन दिवस घरी येत नसत. रस्त्यात कोणी हात केला आणि ते थांबले नाहीत, असं कधी झालं नाही. एसटीत असताना या सवयीपायी त्यांचे मास्तर त्यांच्यावर चिडत. गाडीत मुंगीला जागा नाही आणि हा माणूस बांधावर उभ्या असलेल्या म्हातारीसाठी ब्रेक दाबतो. त्यांचं उत्तर एकच असे: हात केलेल्या माणसाला मागे टाकलं की त्या दिवशी भाकर गळ्याखाली उतरत नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी त्यांनी स्वतः चालवत आणली होती. नवऱ्या मुलाचा बाप! मंडपाच्या दाराशी व्याहीभेटीसाठी मी फेटा आणि पुष्पहार घेऊन उभा, भन्ते आत येऊन बसलेले, आणि व्याह्यांचा पत्ता नाही. शेवटी माझा भाऊ शोधायला गेला. ते वाहनतळावर पिवळ्या फडक्याने गाडीची काच पुसत होते. सात-आठ ठिकाणी लोकांना उचलत आल्याने वऱ्हाडही पाऊण तास उशिरा आलं होतं. त्यातले तिघे तर लग्नाचे नव्हतेच. वाशीमला चालले होते म्हणून बसले होते. जेवून गेले.

हे पिवळं फडकं त्यांच्या पँटच्या मागच्या खिशात कायम असे. विमानात त्यांनी खिडकीची काच पुसली. मग माझा चष्मा काढून घेऊन पुसून दिला. विमान उतरताना त्यांचा उजवा पाय समोरच्या सीटखाली जमिनीत रुतला होता, आणि चाकं टेकल्यावर त्यांनी हवाई सुंदरीला खुणेने बोलावून वऱ्हाडीत सांगितलं की ड्रायव्हरला सांगा, ब्रेक मस्त लावला. ती हसली आणि पाणी घेऊन आली.

ग्वानाह्वातो दरीत वसलेलं आहे. दोन्ही अंगाला डोंगर, डोंगरावर घरं, आणि एकाही घराचा रंग शेजारच्या घरासारखा नाही. हळदी, गुलाबी, निळं, विटकरी. इथे पूर्वी चांदीच्या खाणी होत्या. गावातून वाहणारी नदी दर पावसाळ्यात घरांत शिरे, म्हणून पुढे तिला दुसरीकडे वळवलं आणि तिच्या कोरड्या पात्रातून रस्ता केला. वर गाव, खाली दगडी कमानींखालून मोटारींचा रस्ता. शिवाय डोंगरातून आरपार बोगदे. बसथांबे जमिनीखाली आणि तिथून वर यायला दगडी जिने. मी हे सगळं आधी वाचून गेलो होतो आणि व्याह्यांना बसमध्ये समजावून सांगत होतो. पहिला बोगदा आला तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला गप्प केलं. बोगदा संपेपर्यंत ते पुढे पाहत होते.

"ड्रायव्हर लेफ्टला बसला हाये, क्लीनरच्या जागेवर," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "तरी भित नाई. हुशार हाये."

त्यांचा गाव पाहण्याचा क्रम ठरलेला. आधी बसस्टँड, मग बाजार, मग मसणवटा. देऊळ-बिऊळ वेळ उरला तर. माझ्या कागदावर विद्यापीठाचा पांढरा जिना, जुनं नाटकघर, धान्याचं ऐतिहासिक कोठार अशी नावं होती. आम्ही अर्धं माझं, अर्धं त्यांचं असं ठरवलं. पण पहिल्याच दुपारी ते ठरलेलं सगळं मोडलं, त्याचं कारण त्यांचा उजवा हात.

एसटीचे ड्रायव्हर रस्त्यात एकमेकांना ओलांडताना हात वर करतात. ओळख असो नसो. तो राम राम असतो, जय भीम असतो, सलाम असतो, आणि पुढचा रस्ता मोकळा आहे अशी खबरही असते. जमिनीखालच्या त्या रस्त्याच्या कडेने आम्ही चालत असताना समोरून बस आली आणि व्याह्यांनी चौतीस वर्षांच्या सवयीने हात वर केला. बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर वाट पाहत बसला.

मी म्हटलं, इवाई, आपल्याला कुठे जायचं आहे यात? ते म्हणाले, "गाडी थांबवली मास्तर. आता न बसणं म्हंजे त्याचा अपमान." आणि चढले. चढताना ड्रायव्हरला जय भीम म्हणाले. तो बुएनास असं काहीतरी, नमस्कारासारखं, म्हणाला. मी दोन भाडी दिली. माणशी आठ-दहा पेसो, फार नाही, पण ती बस कुठे जाते हे मला माहीत नव्हतं, आणि ते विचारावं असं व्याह्यांनाही वाटत नव्हतं.

ती डोंगरावरच्या एका वस्तीत जाऊन थांबली. शेवटचा थांबा. एक टपरी, दोन कुत्री, पाण्याच्या टाक्या. ड्रायव्हर उतरून खात बसला. जाड मिशांचा, पोट सुटलेला गृहस्थ. आरशाला त्याने जपमाळ आणि एका लहान मुलीचा फोटो लटकवला होता. व्याह्यांनी शर्टावरचा बिल्ला त्याला दाखवला. विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला तो बिल्ला ते मेक्सिकोत रोज लावत. त्यांनी बोटांनी वर्षं सांगितली, हवेत स्टिअरिंग फिरवलं. तो उठला आणि त्याने व्याह्यांना मिठी मारली. मग त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. त्यांनी चाकावर हात ठेवले, गिअरचा दांडा नुसता धरून पाहिला आणि काच पुसून दिली. परतीचं भाडं त्या माणसाने घेतलं नाही. मी दोनदा पुढे केलं.

त्या दिवशी असं आणखी दोनदा झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मी त्यांना म्हटलं, हात वर करू नका, नुसती मान हलवा. ते हो म्हणत, आणि बस दिसली की हात वर जाई. अशाने आम्ही एका शाळेच्या मागे, एका बंद खाणीच्या दाराशी आणि एका दफनभूमीपाशी पोहोचलो. दफनभूमी त्यांच्या यादीत होतीच. तिथल्या थडग्यांवर प्लास्टिकची फुलं आणि थंड पेयाच्या बाटल्या ठेवलेल्या पाहून ते म्हणाले, मेलेल्याची आवड ध्यानात ठेवणारं गाव चांगलंच असणार.

बोलायचं म्हणाल तर ते सगळ्यांशी वऱ्हाडीत बोलत. लोखंडी छताच्या मोठ्या बाजारात एक बाई तव्यावर मक्याच्या पातळ भाकरी भाजत होती. व्याही तिच्यासमोरच्या बाकावर बसले आणि तिला सांगू लागले की आमच्याकडे ही ज्वारीची करतात, हातावर थापतात, आणि तुमचा तवा जरा जास्त तापला आहे. ती आपल्या भाषेत बोलत होती. दोघेही एकमेकांना थांबवत नव्हते. व्याह्यांनी पिशवीतून घरचा ठेचा काढून तिच्या तळहातावर दिला. तिने खाल्ला, डोळे मिटले, मान हलवली आणि स्वतःच्या वाटीतला लाल ठेचा त्यांच्या भाकरीवर घातला. त्यांना ठसका लागला. "माय, हे तं आपलीच निघाली," ते म्हणाले. आम्ही राहत होतो त्या घराची मालकीण तर दुसऱ्या सकाळी स्वतःहून जय भीम म्हणाली. व्याह्यांनी आदल्या दिवशी तिच्या खालच्या मजल्याच्या सगळ्या काचा पुसून दिल्या होत्या. तिला वाटलं, भारतात पाहुण्यांची ही रीत असावी.

मी माझं काम विसरलो नव्हतो. जावयाचा निरोप रोज येई: विचारलं का? धान्याच्या कोठारापाशी मी पहिल्यांदा विषय काढला. ती गढीसारखी जाड भिंतींची इमारत आहे. स्वातंत्र्याच्या लढाईत एक खाणमजूर पाठीवर दगडी फरशी घेऊन गोळ्यांच्या वर्षावाखालून तिच्या दारापर्यंत गेला आणि त्याने दाराला आग लावली. त्याचा भला मोठा पुतळा आता डोंगरावर आहे. हे सांगून झाल्यावर मी म्हणालो, "इवाई, जीपचं वय किती झालं हो?"

"कायले?"

"सहज."

"माह्यापेक्षा कमी हाये," ते म्हणाले आणि वर पुतळ्याकडे पाहू लागले. "पाठीवर फरशी होती म्हणता. मंग त्याले समोरचं कसं दिसे?"

मला वाटलं ते विषय बदलत आहेत.

दुसऱ्यांदा मी प्रयत्न केला तो एका प्रसिद्ध गल्लीत. समोरासमोरचे दोन सज्जे इतके जवळ की दोन्हीकडून वाकलेल्या प्रेमिकांचे ओठ टेकत, अशी तिथली गोष्ट आहे. जोडपी पायरीवर उभी राहून फोटो काढून घेत होती. व्याह्यांनी दोन्ही भिंतींना हात लावून पाहिले.

"जीप नाई निघत इथून," ते म्हणाले.

मी म्हटलं, "जीपचंच बोलायचं होतं. मुलाचं म्हणणं आहे की..."

"मोटरसायकल निघंन. आरसे दुमडले तं." आणि ते भिंतीला हात लावत लावत गल्लीबाहेर गेले. घंटीसुद्धा मागितली नाही. त्यावरून मला कळलं की मुलाने मला काय विचारायला सांगितलं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा जमिनीखालच्या रस्त्याला होतो. परत जायला बस पकडायची होती, त्यामुळे या वेळी हात करायला माझी हरकत नव्हती. दिवे लागायची वेळ. वरच्या मोकळ्या जागांतून येणारा उजेड संपत आला होता आणि कमानीखालचे दिवे पिवळे, मंद होते. दोन हेडलाइट आले, सावकाश, जड गाडीचे. व्याह्यांनी हात वर केला. गाडी थांबली.

"चला मास्तर, रिकामीच दिसते," असं म्हणून ते पुढे झाले आणि चढायला दांडा शोधू लागले.

ती कचऱ्याची गाडी होती. मागच्या पायफळीवर नारिंगी जाकिटं घातलेले दोघे उभे होते. वास आधीच आला होता. मला वाटलं व्याही गंमत करत आहेत, आणि मी हसलोही. पण ते हसत नव्हते. बसचं दार जिथे असतं तिथे त्यांचा हात पत्र्यावर खालीवर फिरत होता, वीज गेल्यावर घरात माणूस काडेपेटी शोधतो तसा.

"इवाई," मी म्हणालो. "ही बस नाही."

त्यांचा हात थांबला. त्यांनी श्वास घेतला. "कचऱ्याची हाये का?"

"हो."

मागचे दोघे काहीतरी म्हणाले, आणि एकाने पायफळीवर सरकून त्यांच्यासाठी जागा केली. चेष्टा होती, पण वाईट नव्हती. व्याही त्यांना जय भीम म्हणाले आणि मागे सरले. गाडी गेली. नंतर खरी बस आली, थांबली आणि गेली. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो होतो.

मी विचारलं, कधीपासून?

"दोन वर्सं होतीन." ते समोरच्या भिंतीकडे पाहत बोलत होते. "समोरचं दिसते, बरं का. दिवसा एकदम सफा. बाजूचं दिसत नाई. ह्या बोगद्यात गाडी घातली का कसं होते, समोर उजेड अन दोनी अंगाले काळं. तसंच. पयले मले वाटे काच खराब हाये."

"तपासून का नाही घेतले?"

"तपासले का कागद येते. कागद आला का लायसन जाते." मग म्हणाले, "तो कठडा मले दिसलाच नाई, मास्तर. पोरगा बाजूले बसला होता. कठड्याच्या जागी माणूस असता तं?"

हा प्रश्न मला विचारायचा होता. तो त्यांनीच विचारला. मी हिशेबी माणूस आहे. समजूत घालणं मला जमत नाही. मी फक्त विचारलं की दवाखान्याच्या फेरीला माणसं किती असतात.

"धा. कदी बारा."

"आणि त्यांना माहीत आहे?"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो. "जीप गेली तं काय होईन, सांगू का? तुमी मले इवाई म्हणून वळखान. पोरगा बाप म्हणून वळखंन. पण अनसिंगच्या फाट्यावर मी उभा असलो, अन समोरून गाडी आली, तं तो डायवर मले हात कायले करंन? रस्त्यावरचा म्हातारा म्हणून जाईन निघून. मले थे नाई सहन होणार."

मी म्हणालो, "नाही होणार, हे खरं आहे. पण ते तुम्हाला एकट्यालाच सोसावं लागेल. दुसरं, अपघात झाला तर, बारा जणांना."

कठोर बोललो असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. पण खोटं नव्हतं. वरून दोन मुली आइसक्रीम खात जिना उतरत आल्या आणि आम्हाला वळसा घालून गेल्या. व्याह्यांनी शर्टावरचा बिल्ला सरळ केला.

"मास्तर," ते म्हणाले, "सिंगल द्या."

मला लगेच जमलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि वाट पाहिली. मग मी म्हणालो, "टिंग."

"झालं," ते म्हणाले. आम्ही बस सोडली आणि जिना चढून वरूनच चालत गेलो. अंधारात त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. पायरी उंच आली की मी सांगत होतो. वर चौकात काळे झगे घातलेली विद्यार्थ्यांची टोळी वाद्यं वाजवत, गात गल्ल्यांतून फिरत होती आणि मागे लोकांची वरात. व्याही म्हणाले, लग्न कोणाचं आहे? मी म्हटलं, कोणाचंच नाही, असंच फिरतात. ते म्हणाले, मग आपणही फिरू. आम्ही फिरलो. गर्दीत दोन्ही बाजूंनी माणसं असली की ते बरे चालत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन आम्ही खालच्या थांब्यावर आलो. व्याही भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे राहिले. दोन बस येऊन गेल्या. त्यांनी हात काढला नाही. तिसरी बस आमच्या उपयोगाची नव्हती, उलट दिशेची होती. ती थांबली. खिडकीतून जाड मिशा बाहेर आल्या आणि एक हात वर झाला, आणि पहिल्या दिवशीच्या त्या ड्रायव्हरने मोठ्याने काहीतरी आरोळी दिली. मागच्या मोटारी भोंगे वाजवू लागल्या तरी तो थांबून होता. मी व्याह्यांच्या कानाशी म्हणालो, तोच आहे, डोंगरावरचा, तुम्हाला हात करतो आहे. त्यांनी मागे बांधलेला हात सोडवला आणि वर केला. बस गेल्यावर म्हणाले, "भोंगे वाजवून राह्यले थे येडे. दोन मिनिटं थांबता येत नाई."

लिऑनला जेवायच्या वेळी मुलीने, जावयाने काही विचारायच्या आत व्याही बोलले. जीप विकतो, ते म्हणाले. मास्तरने सांगितलं म्हणून नाही, मीच सांगून राहिलो आहे. जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढून घेतला.

मार्चमध्ये आम्ही परत आलो. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेली नजर येणार नाही, आहे ती थेंब घालून राखता येईल. थेंब इहीनबाई घालतात. घड्याळ न पाहता, शेळ्यांच्या वेळेवर, पण चुकत नाहीत. जीप अनसिंगच्याच गफूर मिस्त्रीने घेतली. त्याच्या गॅरेजमध्ये ती वर्षानुवर्षं उघडली-जोडली गेली होती, त्यामुळे तपासायचं काही नव्हतं. व्याह्यांनी किमतीत घासाघीस केली नाही, अट एकच घातली: दवाखान्याची सकाळची फेरी एकच माणूस असला तरी काढायची. किंमत मिस्त्रीने इहीनबाईंच्या हाती दिली आणि त्यांनी ती दोनदा मोजली.

मिस्त्रीच्या पहिल्या फेरीला मी मुद्दाम अनसिंगला गेलो होतो. मिस्त्री चाकावर बसला होता, कपाळावर घाम. त्याने शेजारची जागा रिकामी ठेवली होती आणि व्याही आल्यावर दार उघडलं. "चाचा, आगे बैठो." व्याह्यांनी पायाला पट्टी बांधलेल्या एका म्हातारीला पुढे बसवलं आणि स्वतः मागच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसले. मिस्त्री सावकाश चालवत होता, गरजेपेक्षा सावकाश, आणि पुलावर तर बैलगाडीसारखा. पूल ओलांडल्यावर व्याह्यांनी गुडघ्यावरचे हात सैल सोडले.

वाशीमला दवाखान्यासमोर सगळे उतरले आणि पैसे देऊन गेले. शेवटी व्याह्यांनी खिशातून दहाच्या तीन नोटा काढून खिडकीतून पुढे केल्या. मिस्त्रीने दोन्ही हात मागे घेतले.

"चाचा, काहून लाजवता? तुमच्याच गाडीत तुमच्यापासून पैसे घेऊ?"

"गाडी तुही हाये, गफूर. मी पॅसेंजर हाओ. मले उद्याही यायचं हाये, परवाही यायचं हाये. आज पैसे नाई घेतले तं उद्या कोणत्या तोंडानं बसू?"

मग मिस्त्रीने नोटा घेतल्या, कपाळाला लावल्या आणि वरच्या खिशात घातल्या. अनसिंग ते वाशीम, एक माणूस, तीस रुपये रोख, गफूर मिस्त्रीला. माझे तीस मी वेगळे दिले.